पिकअपचा हौदा वॉटरप्रूफ करायचाय? आधी सिलिकॉनची नळी खाली ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिकअपच्या हौद्यावर फायबरची कॅनोपी, म्हणजे खिडक्यांचं बंद छप्पर, बसवली आहे, आत गादी टाकून झोपता. पहिल्याच पावसाळी मुक्कामात पायाकडची, म्हणजे फाळक्याकडची (हौद्याच्या मागच्या, खाली पडणाऱ्या झडपेकडची), गादी भिजली. आता फाळक्याच्या फटींना रबर लावावं आणि हौद्याच्या तळाची भोकं, सांधे सिलिकॉनने कायमचे बुजवावेत असा विचार आहे. शिवाय कधीमधी फाळका खाली पाडून, वर ताडपत्री ताणून झोपायचं आहे, ते जमेल का.

रबर लावा, जरूर लावा. भोकं मात्र बुजवू नका. हौदा माल वाहण्यासाठी केलेला असतो. तळाला लांबीच्या दिशेने पन्हळी, कोपऱ्यांत किंवा सांध्यांवर निचऱ्याची भोकं आणि फाळक्याखाली फट, हे सगळं ठरवून ठेवलेलं असतं. फाळक्याला बिजागरीवर फिरायला जागा लागते, खडबडीत रस्त्यावर चासी पिळली की हौदाही थोडा पिळतो, आणि आत आलेलं पाणी जायला दुसरी वाट नसते. ती बंद केलीत की हौद्याचा खराखुरा हौद होतो, आणि तुमची गादी त्याच्या तळाशी.

त्यामुळे मी या कामाकडे असं बघतो: पाऊस वरच्या वर, कॅनोपीवर अडवायचा. फाळक्याच्या रबराकडून मुख्यतः धूळ आणि चाकाचे शिंतोडे अडवण्याची अपेक्षा ठेवायची. आणि एवढं करूनही जे आत येईल त्याला गादीखालून मुकाट्याने जाऊ द्यायचं.

पण त्याही आधी पाणी नक्की कुठून येतं ते शोधा. मी स्वतः दोन मोसम फाळक्याला शिव्या देत काढले आहेत. रबर दोनदा बदललं, दुसऱ्यांदा चांगलं महाग आणलं, तरी पाऊस झाला की फाळक्याच्या आत तेवढंच पाणी. शेवटी एका रात्री पावसात टॉर्च घेऊन आत पडून राहिलो. कॅनोपीच्या मागच्या वरच्या कडेला जो ब्रेकचा दिवा असतो, त्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निघाला. तो खाली पडला नाही. फायबरच्या आतल्या कडेला चिकटून आडवा सरकत गेला, काचेच्या चौकटीवरून खाली उतरला, फाळक्याच्या आतल्या पत्र्यावर आला आणि तिथून गादीवर. त्याच्या मागोमाग दुसरा, त्याच वाटेने. दिव्यामागचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारं रबर, वाळून चपटं झालं होतं. दोन स्क्रू, एक नवं गॅस्केट, वीस मिनिटांचं काम.

तुम्ही पावसाची वाट बघू नका. बागेचा पाइप घ्या, धार मऊ ठेवा. प्रेशर वॉशर वापरू नका, त्याची धार चांगल्या रबरालाही उचलून आत घुसते आणि नसलेली गळती दाखवते. एकाने कॅनोपीत टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. सुरुवात खालून करा: आधी फाळक्याची खालची कड, मग बाजू, मग फाळका आणि काच भेटतात ती आडवी रेघ, मग काचेची चौकट, दिवा, बाजूच्या खिडक्या, सगळ्यात शेवटी छत आणि कॅरिअरचे बोल्ट. प्रत्येक ठिकाणी किमान पाच मिनिटं. वरून सुरुवात केली की दोन मिनिटांत सगळं ओलं होतं आणि मग काहीच कळत नाही. आतल्याने कोरड्या पत्र्यावर बोटाने टाल्कम पावडरचा पातळ थर ओढून ठेवावा. पाण्याचा पहिला ओघळ पावडरमध्ये स्पष्ट रेघ पाडतो. अंधारात आत दिवा लावून बाहेरून उजेड बघायची युक्तीही बरी आहे, पण ती फक्त सरळ फटी दाखवते. उजेड वळत नाही, पाणी वळतं.

पायाकडचीच गादी का भिजते त्याचा हिशेब करून बघा. कॅनोपीचं छत साधारण दीड मीटर बाय दीड मीटर धरलं तर सव्वादोन चौरस मीटर झालं. १० मिलिमीटर पावसात त्यावर साडेबावीस लिटर पाणी पडतं. फाळक्याच्या वरच्या फटीवर सरळ पडणारं पाणी त्यापुढे काहीच नाही, वाटीभर. पण छताला मागे उतार असेल आणि मागच्या कडेला पन्हळ नसेल, तर त्या साडेबावीस लिटरांतलं बरंचसं मागच्या काचेवरून ओघळत थेट त्या फटीवर येतं. म्हणून माझ्या मते फाळक्याच्या रबराआधीचं काम म्हणजे छताच्या मागच्या कडेला, काचेच्या वर, एक छोटी चिकटवायची पन्हळ लावणं. रबराची एल आकाराची पट्टी मिळते, दोन्ही टोकं बाजूंच्या पलीकडे किंचित उतरती ठेवायची. पाणी कोपऱ्यांवरून गाडीच्या बाहेर पडतं, काच कोरडी राहते. एवढ्यानेच निम्म्याहून जास्त तक्रार मिटलेली मी पाहिली आहे.

आता फाळका. रबर विकत घ्यायच्या आधी फट मोजा, आणि मोजपट्टी लावून मोजू नका, कारण फाळका बंद असताना आतली जागा दिसत नाही. मुलांची खेळायची क्ले घ्या, लिंबाएवढे गोळे करून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळा आणि खाली तीन ठिकाणी, बाजूंना दोन-दोन ठिकाणी ठेवून फाळका नेहमीसारखा बंद करा. उघडल्यावर दबलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे तुमची खरी फट. डावी-उजवीकडे फरक निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका. मधली आणि टोकाची फटही सहसा सारखी नसते.

फरक मोठा असेल तर आधी फाळकाच नीट बसवा. खटका ज्या खुंटीत अडकतो ती खुंटी बऱ्याच गाड्यांवर बोल्ट सैल करून थोडी आतबाहेर सरकवता येते. सरकवण्याआधी पेन्सिलने जुनी जागा आखून ठेवा. दोन मिलिमीटर आत घेतलं तरी फाळक्याचा खडखडाट जातो आणि रबरावर दाब येतो. फार घेतलंत तर मात्र खटका पूर्ण लागणार नाही, आणि अर्धवट लागलेला फाळका चालत्या गाडीत उघडला तर गादी ओली होण्याची काळजी उरणारच नाही.

रबर ईपीडीएमचं, म्हणजे त्या नावाच्या कृत्रिम रबराचं, घ्या. ऊन, ओझोन आणि पाणी ते वर्षानुवर्षं सोसतं. स्पंजसारखी, आरपार छिद्रांची फोमपट्टी स्वस्त पडते पण ती पाणी अडवत नाही, पिऊन ठेवते आणि पत्र्याला चिकटून गंज चढवते. आकार जागेप्रमाणे. फाळक्याच्या बाजूंना, जिथे दोन पत्रे समोरासमोर येऊन दाबले जातात, तिथे पोकळ नळीचं, डी आकाराचं रबर बसतं. बंद केल्यावर ते मूळ उंचीच्या एक तृतीयांश ते निम्मं दबावं. म्हणजे फट ८ मिलिमीटर असेल तर १२ ते १६ मिलिमीटर उंचीचं रबर. जास्त जाड घेतलं की फाळका खांदा लावून बंद करावा लागतो आणि खटक्यावर कायमचा ताण राहतो.

खालच्या कडेचा हिशेब वेगळा आहे आणि इथेच लोक फसतात. फाळका गोल फिरत वर येतो, त्यामुळे खालचं रबर दाबलं जात नाही, घासलं जातं. तिथे नळीचं रबर लावलं की दहा-वीस वेळा उघडझाक झाल्यावर ते गुंडाळून उखडतं. खाली जिभेसारखी पातळ पट्टी असलेलं रबर लावा, जीभ फाळक्याच्या फिरण्याच्या दिशेने वाकलेली. आणि ते इतकं आत लपवा की सामान ओढताना पेटीचा कोपरा त्यात अडकणार नाही.

चिकटवण्याचं काम घाईचं नाही. जागा साबणाने धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, प्रत्येक वेळी स्वच्छ फडका घ्या. मेण किंवा पॉलिश केलेल्या रंगावर कुठलीही चिकटपट्टी टिकत नाही. रंग उडालेला दिसला तर आधी प्रायमर आणि रंग, कारण रबराखाली झाकलेला गंज तुम्हाला दिसणार नाही, पण तो आपलं काम करत राहतो. अ‍ॅक्रिलिक फोमची दुहेरी चिकटपट्टी असेल तर पत्रा किमान १५ अंशांच्या वर असू द्या, थंड सकाळी लावू नका. रबर ओढून, ताणून लावायचं नाही. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि टोकाला बोटभर फट उघडी पडते. उलट किंचित ढकलत, सैल लावा आणि लाकडी गुटक्याने रगडून दाबा. पट्टीची पूर्ण पकड यायला नेहमीच्या तापमानाला सुमारे ७२ तास लागतात, तोवर गाडी धुवू नका. संध्याकाळी रबर लावून पहाटे निघालेल्या माणसाचं रबर मी दुसऱ्या मुक्कामी त्याच्याच हातात लोंबताना पाहिलं आहे.

झालं की रबराच्या माथ्यावर खडू फिरवा आणि फाळका एकदा बंद करून उघडा. समोरच्या पत्र्यावर खडूची सलग रेघ उमटली पाहिजे. रेघ जिथे तुटते तिथे रबराखाली पातळ पट्टीची भर द्या.

रेघ तुटणार कुठे तेही सांगून ठेवतो: वरच्या दोन कोपऱ्यांत. कॅनोपी, हौद्याची बाजू आणि फाळका या तीन वस्तू तिथे एका बिंदूत भेटतात, आणि वर काचेची कडही तिथेच टेकते. चार कडा एकाच ठिकाणी एकाच रबराने कधीच बंद होत नाहीत. तिथे मी बंद छिद्रांच्या फोमचा अंगठ्याएवढा तुकडा पाचरीसारखा कापून, कॅनोपीच्या बाजूला चिकटवतो. दिसायला ओबडधोबड, पण फाळका आणि काच दोन्ही त्यावर येऊन बसतात. तुकडा एका फटक्यात बरोबर कापला जाणार नाही, तीन-चार वाया घालवायची तयारी ठेवा.

दोन गोष्टी टाळा. फाळक्याच्या खालच्या कडेला बारीक खाचा असतात, फाळक्याच्या पोकळीत शिरलेलं पाणी तिथून गळतं. त्यावर रबर बसलं तर फाळका आतून कुजतो, आणि त्यात मागच्या कॅमेऱ्याची वायर व कुलूप असेल तर तेही जातं. दुसरी, सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं, उघड्या पत्र्याला ते गंज चढवतं. शिवाय एकदा सिलिकॉन फासलं की त्या जागी पुन्हा ना रंग धरत ना चिकटपट्टी. सांधा भरायचाच असेल तर न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट वापरा, आणि तेही फक्त न हलणाऱ्या सांध्यांना.

कॅनोपी आणि हौद्याची कड यांच्यामधली पट्टीही बघून घ्या. पुढचा, केबिनकडचा भाग सगळ्यात दुर्लक्षित असतो, आणि गाडी चालताना पाऊस तिथेच जोरात आदळतो. कॅनोपी हौद्याला धरून ठेवणारे क्लॅम्प एका बाजूने एकदम आवळू नका. समोरासमोरचे थोडेथोडे आवळा, नाहीतर फायबर वाकतं आणि दोन क्लॅम्पच्या मधे पट्टी उचलली जाते. शंभर-दोनशे किलोमीटर धावल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्या.

धूळ हे वेगळंच प्रकरण आहे. पाणी खाली येतं, धूळ ओढली जाते. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, चाकांनी उडवलेली धूळ तिथेच घुटमळते, आणि कॅनोपीतही दाब कमी असला की जी फट सापडेल तिथून आत येते. रबर कितीही चांगलं असलं तरी थोडी येतेच. उपाय म्हणजे पुढून हवा आत घेऊन आतला दाब किंचित वाढवायचा: छतावर पुढे तोंड असलेला, फिल्टरचा व्हेंट, आणि मागचं सगळं बंद. पुढून हवा, मागे उघडी काच असा थाट करू नका. धुळीबरोबर सायलेन्सरचा धूरही त्याच ओढीने आत येतो. म्हणूनच चालत्या गाडीत मागे कुणी झोपायचं नाही, आणि मुक्कामाला इंजिन चालू ठेवायचं नाही.

निचऱ्याच्या भोकांना मी रबरी बुचं करून ठेवली आहेत. धुळीच्या रस्त्यावर बूच लावलेलं, मुक्कामाला गाडी उभी केली की काढलेलं. बुचं दोरीने बांधून ठेवा, नाहीतर पहिल्या आठवड्यातच हरवतात.

आता तुम्ही न विचारलेला भाग, पण गादी भिजण्याचं निम्मं कारण बहुधा हेच असेल. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. दोघे असाल तर अर्धा लिटर. बाहेर गारवा, पत्रा थंड, की हे सगळं पत्र्याला घाम बनून सुटतं आणि ओघळून गादीखाली जमतं. गादी उचलून बघा: पाण्याचा डाग एका कडेला असेल तर गळती, खालचा सगळा भाग सारखा दमट असेल तर घाम. हौदा जितका घट्ट बंद कराल तितका घाम वाढेल.

आणि प्रश्न नुसत्या ओलीचा नाही. कॅनोपीसह हौद्यात साधारण दोन घनमीटर, म्हणजे दोन हजार लिटर हवा मावते. एक माणूस झोपेत तासाला दहा-बारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोन माणसं आणि खरोखर हवाबंद हौदा असेल तर तासाभरातच त्याचं प्रमाण एक टक्क्यावर जाईल, रात्र तर अजून पूर्ण बाकी. म्हणून दोन समोरासमोरच्या खिडक्या, वर पावसाची झापड लावून, बोटभर उघड्या ठेवायच्याच. थंडी वाजली तर अंगावर एक पांघरूण वाढवा, खिडकी बंद करू नका. आत स्टोव्ह, गॅसचा हीटर, निखारे काहीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. त्याचा बॅटरीवरचा अलार्म उशाशी टांगून ठेवा.

गादी पत्र्यावर कधीच टाकू नका. २० ते २५ मिलिमीटरच्या पट्ट्या पन्हळींच्या दिशेनेच, लांबीत ठोका, त्यावर भोकं पाडलेला मरीन प्लाय (ओलीत टिकणारा प्लायवूड) आणि मग गादी. पाणी पट्ट्यांच्या मधून मागे वाहतं, गादीखाली हवा खेळते. हौद्यात सुटं प्लास्टिकचं लायनर, म्हणजे अस्तर, असेल तर ते वर्षातून एकदा उचलून खालची माती धुवा. लायनर आणि पत्रा यांच्यामधे ओली वाळू घासत राहते आणि रंग खरवडून काढते. फवारून बसवलेल्या लायनरला हा त्रास नाही. बाजूंच्या पत्र्यांना बंद छिद्रांच्या फोमचं अस्तर दिलंत तर घाम बराच कमी होतो.

राहिला फाळका पाडून झोपण्याचा प्रश्न. जमतं, पण गाडी कशी उभी करता यावर सगळं आहे. नाक किंचित वर, फाळका किंचित खाली. उलटं केलंत तर पाडलेल्या फाळक्यावर पडलेला सगळा पाऊस उताराने थेट गादीत येतो, आणि त्या वेळी तुमचं कुठलंच रबर कामाला नसतं. फाळक्याच्या केबल किती वजन पेलतात ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. बसणं वेगळं आणि दोघांनी रात्रभर पाय टाकून झोपणं वेगळं. ताडपत्री कॅनोपीच्या छतावर मधोमध टेकवून मागे फाळक्याच्या कडेपलीकडे निदान हातभर जाऊ द्या, म्हणजे पागोळ्या फाळक्यावर न पडता जमिनीवर पडतील. सपाट ताणू नका, एक कोपरा मुद्दाम खाली ओढा, नाहीतर पाण्याचं पोट सुटतं आणि रात्री कधीतरी ते एकदम रिकामं होतं. ताडपत्रीची जी दोरी गाडीला बांधली असेल तिच्यावर, गाडीपासून वीतभर अलीकडे, सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडा. दोरीवरून धावत येणारं पाणी त्या सुतळीवरून खाली टपकतं, हौद्यापर्यंत पोचत नाही. हौदा आणि पाडलेला फाळका यांच्यामधली फट खालून उघडी असते, वारा आणि किडे तिथूनच येतात. तिच्यावर जाड रबरी चटईची वीतभर रुंद पट्टी नुसती अंथरा, चिकटवू नका.

सकाळी फाळका वर घेण्याआधी रबरावरून आणि त्याच्या समोरच्या पत्र्यावरून ओला फडका फिरवा. पाडलेल्या फाळक्यावर रात्रभर बुटांची माती पडलेली असते, आणि एक खडा रबरात दाबला गेला की तिथे कायमचा खळगा पडतो. महिन्यातून एकदा सिलिकॉनचं वंगण बोटाने चोळलं की रबर मऊ राहतं. पेट्रोलियम जेली किंवा साधं ग्रीस मात्र लावू नका, त्याने ईपीडीएम फुगतं, आणि मग क्लेच्या गोळ्यांपासून पुन्हा सुरुवात.